बाहेरच्या रस्त्याचे दोन दिवे

तळेगावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मालक माळ्यावरून जुन्या माळांचं खोकं उतरवत होते, तेवढ्यात फोन वाजला. सखूमावशी होत्या, आमच्याकडे स्वयंपाकाला येतात, मूळच्या टाकव्याच्या. "ताई, लवकर या. भाऊ बोलंना झालेत..." दोनच दिवे हवे होते, मी अख्खी माळ पिशवीत कोंबली आणि निघाले. पोचेपर्यंत दादा गेला होता.

दादा माझा मोठा भाऊ, शाळेत चित्रकला शिकवायचा. फुप्फुसांनी दगा दिला आणि लोणावळ्यातल्या तिसऱ्या मजल्यावर तो ऑक्सिजनच्या यंत्राला बांधला गेला. नळी पलंगापासून खिडकीच्या खोलीपर्यंत पोचायची, घराच्या दारापर्यंत नाही. मी पुण्याहून सोबतीला आले आणि मीही अडकले. येता-जाता ती नळी ओलांडायची, एवढाच माझा प्रवास. खिडकीतून रेल्वेगाड्या ऐकू यायच्या, पण दिसायच्या नाहीत. मध्ये नवी इमारत उभी राहिलेली. मग दादाने एका जुन्या दाराच्या फळीवर स्वतःचं स्टेशनच मांडलं. आइस्क्रीमच्या काड्यांची बाकं, छत्रीच्या काड्यांचे दिव्याचे खांब, खेळण्यातली एक गाडी.

अडलं ते दिव्यांवर. खांब बोटभर, त्यावर तांदळाएवढा दिवा हवा, आणि तो पिवळाच. बाजारात सगळे पांढरे. मी आणले, त्याने लावून पाहिले आणि तोंड फिरवलं. "दवाखाना दिसतोय गं. दवाखान्यातच आहे मी, आणखी कशाला?" मला राग आला. उन्हातान्हात दुकानं मी पालथी घालायची आणि नाकं यांनी मुरडायची!

शेवटी सखूमावशींनीच त्यांच्या गणपतीची जुनी माळ आणली. "लय जुनी हाय, भाऊ. बगा, चालती का." अशा माळेतले दिवे घरची वीज आपसात वाटून घेतात, त्यातला एकेकटा मोबाइलच्या चार्जरवरही पेटतो. हे आम्हाला नंतर कळलं. आधी आम्ही हुशारीने दुसराच मोठा अडॅप्टर जोडला आणि दोन दिवे फट्कन गेले. ऑक्सिजनजवळ आग नको, म्हणून यंत्रापाशी सोल्डरचा डाग द्यायची सोय नाही; तारा मी स्वयंपाकघरात जोडायचे आणि दादा आतून ओरडून सूचना द्यायचा. दम लागायचा, तरी ओरडायचा.

फलाट उजळला, पूल उजळला. स्टेशनबाहेरच्या रस्त्याचे दोन खांब तेवढे दिव्यांवाचून राहिले.

"राहू दे की," मी म्हटलं. "दोन दिव्यांनी काय होतंय?"

"बाहेर पडायचा रस्ताच अंधारात ठेवू?" तो म्हणाला. मग दम घेऊन, "तू तरी जाशील ना त्यावरून?"

म्हणून मी तळेगावला गेले होते.

दिवसकार्य झालं, यंत्र परत गेलं. परवा संध्याकाळी ते दोन दिवे जोडले. पिवळा रस्ता फळीच्या कडेपर्यंत गेला. फार रडले. मग पुण्याला परतायचं म्हणून बॅग उचलली, आणि खोलीच्या उंबऱ्याशी नेहमीसारखा पाय उंच उचलला.

"ताई, नळी न्हाई आता तितं," सखूमावशी हळूच म्हणाल्या.

मला ठाऊक होतं. उचललेला पाय कुठे टेकवायचा, तेवढं मात्र कळेना.