चाळीस जवान नांदेडच्या गाडीत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का, कारण मी स्वतःच्या हातानं स्वतःचा असा पोपट केलाय, की कळमनुरीच्या स्टँडवर अजून मान खाली घालून उतरावं लागतं!

माझं हिंगोलीत चष्म्याचं दुकान आहे. बारीक कामाची सवय, त्यातून लागला नाद शिशाच्या जुन्या सैनिकांचा. बोटाएवढे असतात हो! हैदराबादच्या जुन्या बाजारातून एकेक शोधून आणायचा, उडालेला रंग खरवडायचा आणि भिंगाखाली नवा द्यायचा. बटणंसुद्धा दिसली पाहिजेत! दोन वर्षांत चाळीस जमले. कळमनुरीला माझा मित्र सुधाकर, गुरांचा डॉक्टर. त्याच्याकडंही तेवढेच. रविवारी त्याच्या टेबलावर फासे टाकून खर्ड्याची लढाई खेळायची ठरली. तो मराठे, मी निजाम.

रविवारी नांदेडच्या गाडीत खिडकीतून सैनिकांचा डबा सीटवर ठेवून जागा धरली आणि म्हटलं, पाण्याची बाटली घेऊन येऊ. परत येतो तर काय? गाडी गेलेली!

धावत कंट्रोलरच्या खिडकीवर गेलो.

"साहेब, माझे सैनिक गेले! नांदेडच्या गाडीत!"

"सैनिक? किती हायत?"

"चाळीस! आणि मी इथंच राहिलो!"

कंट्रोलर खुर्चीतून उठलाच. "कुठं चालले व्हते?"

"कळमनुरीला. दुपारी लढाई आहे ना!"

"लढाई?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "कळमनुरीत?"

"व्हय! आणि त्यातले सहा नाजूक आहेत हो. एकाचा पाय कालच जोडलाय. कुणी धक्का मारू नका म्हणावं!"

"तुमी बिलकुल तकलीफ घेऊ नका, सर." बघा, एका मिनिटात मी 'सर' झालो. तेव्हाच कळायला नको होतं का? पण माझं डोकं ठिकाणावर होतं कुठं! कंडक्टर फोन उचलेना, म्हणून कंट्रोलरनं कळमनुरीच्या स्टँडला फोन लावला. मी पळत काळीपिवळी पकडली.

कळमनुरीला उतरलो, तर स्टँडवर ही गर्दी! नांदेडची गाडी अडवून ठेवलेली. हॉटेलवाल्यानं चाळीस कप चहा मांडलेला. गावातले रिटायर सुभेदार छातीवर पदकं लावून उभे. आणि कंडक्टर बिचारा रडकुंडीला आलेला.

"आईची शपथ, माझ्या गाडीत एक बी जवान चढला न्हाई!"

"मग चाळीस माणसं गेली कुठं?" सुभेदार गरजले. "त्यातले सहा जखमी हायत! लावा पोलिसांना फोन!"

जखमी! आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. इकडं कळमनुरीचा कंट्रोलर फोनची बटणं दाबून राहिला होता.

"थांबा!" मी ओरडलो. "ते... ते माझे आहेत."

गर्दी बाजूला झाली. मी गाडीत चढलो. खिडकीजवळ एक आजीबाई माझा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या.

"तुझा हाय व्हय बाबा? पडंल म्हून धरून बसले."

मी आजींच्या पायाच पडलो! खाली उतरून सगळ्यांसमोर झाकण उघडलं. कापसात चाळीसही शाबूत. जोडलेला पायसुद्धा!

म्हटलं, आता मार पडतो. सुभेदारांनी एक सैनिक उचलला, डोळ्याजवळ नेला, उलटसुलट पाहिला. आणि मग जे हसले म्हणता! पोट धरून! त्यांच्यामागं कंडक्टर हसला, मग सगळं स्टँड. फोन खिशात गेला. चहा गाडीतल्या लोकांना वाटला, मलाही एक कप मिळाला. इतका गोड चहा मी जन्मात प्यालो नाही. सुटलो बुवा!

निघताना सुभेदारांनी खांद्यावर हात ठेवला.

"रंगकाम लई नामी हाय. पण यांचा सेनापती कोण?"

"मीच," मी लाजत म्हणालो.

"फौज पुढं गेली आन् सेनापती स्टँडवर राहिला?" त्यांनी डबा अलगद माझ्या हातात ठेवला. "मग दुश्मन काहून पाहिजे तुमाला?"