पद्माकररावांची रिकामी बरणी

पद्माकररावांनी उभ्या आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. मिरजेच्या पोस्टात चौतीस वर्षं काढली, पण हा नेम मोडला नाही. एकदा घरात काहीच नव्हतं, तेव्हा शेजारच्या कुंदाताईंच्या पातेल्यात त्यांनी कढीपत्त्याची एक काडी घालून पाठवली होती. कुंदाताईंनी ती त्यांना वीस वर्षं ऐकवली.

आता ते जर्मनीत हायडेलबर्गला मुलगा नील आणि सून विभावरी यांच्याकडे राहत होते. विभावरी उत्तर ध्रुवाकडच्या सीलची चरबी तपासायची. कारखान्यांतली न विरणारी रसायनं वाऱ्यापाण्याबरोबर तिकडे पोचतात, बारीक जीवांतून माशांत, माशांतून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात जातात आणि चरबीत ठाण मांडून बसतात.

"म्हणजे शेवटी सगळं अस्वलाच्या पोटात?"

"हो बाबा. आपल्याकडे कसं, सगळ्यांच्या ताटातलं उरलेलं तुम्ही संपवता!"

पद्माकररावांनी नीलच्या ताटातली अर्धी पोळी उचलली.

मोहिमेहून विभावरी परतली, तेव्हा चरबीच्या बरण्या थेट लॅबच्या फ्रीझरमध्ये गेल्या. एकच बरणी तिच्या बॅगेत राहिली. पद्माकररावांनी फॉइल सोडून पाहिली, तर आत काही नाही! वर संस्थेचं लेबल. सुनेने साहेबांकडे रिकामी बरणी न्यायची? त्यांनी नुकतंच कढवलेलं तूप गळ्यापर्यंत भरलं आणि फॉइल होती तशी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"बाबा, बरणीत तूप आहे."

"घरचं आहे. छान रवाळ झालंय."

"अहो, ती रिकामीच हवी होती! ध्रुवापर्यंत जाऊन तशीच परत यायची, हेच तिचं काम. वाटेत बाहेरून काही शिरलं नाही, याची ती साक्षीदार. आता माझे आकडे कोण खरे मानणार?"

पद्माकररावांनी कानटोपी घालून बस पकडली. वाटभर एकच शब्द घोकला, 'एन्टशुल्डिगुंग', माफ करा. घाबरून पहिल्यांदा तो त्यांनी संस्थेच्या दारातल्या पेंढा भरलेल्या सीललाच ऐकवला.

आत विभावरीच्या साहेब, केलरबाई, हसत होत्या. मोहिमेवर गेलेल्या पेटीच्या तळाशी त्यांनी कुणाला न सांगता दुसरी रिकामी बरणी ठेवली होती.

"त्या म्हणतात, सोबत माणसं असतात, म्हणून दोन ठेवते," विभावरीने सांगितलं. तिचाही जीव आत्ताच भांड्यात पडला होता.

बाईंनी तूप का भरलं ते विचारलं. ऐकून "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत मान डोलावली आणि ते घरी नेलं.

आठवड्याने बरणी चेरीचा मुरंबा घेऊन आली. इकडून चिवडा गेला. तिकडून काकडीचं लोणचं. इकडून बेसनाचे लाडू. तिकडून बदामाचा केक. नील, विभावरी चव घेत आणि उरलेलं पद्माकररावांच्या ताटात येई.

"बाबा, ही बरणी काही विरायची नाही," विभावरी म्हणाली.

"आणि चरबी कुठे साठतेय, तेही दिसतंय," नील म्हणाला.

पद्माकररावांनी कमरेचा पट्टा एक भोक सैल केला.

"मग काय, रिकामी पाठवू?"