हरल्यावरची आभार फेरी

मोशीच्या गोजाबाईंनी पक्षाचं काम धरलं ते गावचे पुढारी यशवंतराव पंचायत समितीला उभे होते तेव्हा. मोशी तेव्हा महापालिकेत गेली नव्हती. बायकांना बाईनंच सांगावं म्हणून सासऱ्यांनी नव्या सुनेला प्रचाराला धाडलं. तिनं वस्त्या पायी पालथ्या घातल्या आणि पुढं प्रत्येक निवडणुकीत घालत राहिली.

यंदा महापालिकेची इथली जागा महिलांसाठी राखीव झाली. यशवंतरावांच्या मागं त्यांचा मुलगा रणजीत सगळं बघत होता. त्यानं बायकोला, प्राजक्ताला उभं केलं. जागा हातातलीच, असं सगळे धरून चालले होते. गुलालाची पोती आदल्या दिवशीच येऊन पडली होती. आणि प्राजक्ता पडली.

चार दिवसांनी वाकडच्या एका हॉटेलात पक्षाची चिंतन बैठक झाली. गोजाबाई मागच्या खुर्चीत बसल्या. कुणी मशीनवर खापर फोडलं, कुणी बंडखोरांवर. एक जण म्हणाला, सोसायट्यांमधली माणसं आपली नव्हेतच. मग सगळे रणजीतवर घसरले आणि तो उठून निघून गेला.

"उमेदवार कुठं हाय?" गोजाबाईंनी विचारलं.

"वहिनींना कशाला त्रास द्यायचा, काकी," शहराध्यक्ष म्हणाले.

परतताना बसमध्ये त्यांना यशवंतरावांची हार आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ धोतर नेसून ते घरोघर आभार मानत फिरले होते. शेवटी जिंकलेल्याच्या अंगणात गेले, त्याला हार घातला. त्याच्या बायकोनं सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. जेवून मंडळी कांद्याच्या वावरांमधून चेष्टामस्करी करत घरी आली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हेच जिंकले.

बसमधून उतरून त्या तडक रणजीतच्या घरी गेल्या. तो फोन बंद करून टीव्हीसमोर बसला होता.

"आभार मानायला जायचं न्हाई का?"

"लोकांनी तोंड फिरवलं, काकी. आभार कसले?"

"ज्यांनी मतं दिली, त्यांनी काय पाप केलं?"

रणजीतनं टीव्हीचा आवाज वाढवला. आतून प्राजक्ता पदरानं हात पुसत बाहेर आली. "मी येते, काकी," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

दोघी आधी गावठाणात फिरल्या. कुणी हळहळलं, कुणी दार लावून घेतलं. मग त्या नदीकडच्या मोठ्या सोसायटीशी आल्या. कुणाकडे जायचं ते सांगता येईना, म्हणून वॉचमन आत सोडेना. तेवढ्यात स्कूटीवरून आलेल्या मिनल नावाच्या बाईनं प्राजक्ताला फ्लेक्सवरून ओळखलं आणि दोघींना अकराव्या मजल्यावर घरी नेलं.

"खरं सांगू का ताई, मी तुम्हाला मत दिलं नाही," चहा ठेवता ठेवता ती म्हणाली. "तुमच्या गाड्या खालून जायच्या, भोंगा ऐकू यायचा. दारात कुणी आलं नाही. उन्हाळाभर आम्ही टँकरचं पाणी घेतो, ते सांगायचं कुणाला?"

"मलाही गाडीतच उभं केलं होतं," प्राजक्ता म्हणाली. "मी खाली उतरायला हवं होतं."

पुढं पक्षानं समिती नेमली, रणजीतचं पद काढून दुसऱ्याला दिलं. सोसायट्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. प्राजक्ता मात्र दर रविवारी एकेका इमारतीत जाते आणि गोजाबाई सोबत असतात. रणजीत गेटपर्यंत सोडतो, आत येत नाही. पुढच्या वेळी उभी राहणार का, असं कुणी विचारलं तर प्राजक्ता नुसती हसते.

त्या पहिल्या दिवशी चहा पिऊन गोजाबाई बाल्कनीत गेल्या होत्या. खाली पोहण्याचा तलाव होता, दोनतीन पोरं डुंबत होती.

"काय बघताय, काकी?" प्राजक्तानं विचारलं.

"तिथंच कुठंतरी आमची विहीर होती. प्रचाराहून येताना समद्या बायका तिथं पाय धुवायच्या. लई हसायचो आमी." कठडा धरून त्या बराच वेळ ती नेमकी जागा शोधत राहिल्या. मिनल आतून खुर्ची घेऊन आली.