मागून ओवलेल्या तारा

सुजाताचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी गॅस बंद केला. वत्सला आता फार दिवसांची सोबती नाही हे मला ठाऊक होतं. दवाखान्यातून तिला घरी आणलं होतं ते म्हणूनच. तरी ठाऊक असणं वेगळं आणि फोन येणं वेगळं... मिळेल त्या एसटीनं लातूरहून निघाले. अहमदपूर मागं पडलं, लोहा आलं. लोह्याच्या स्टँडवर पांढऱ्या साड्या नेसलेल्या काही बायका गाडीत चढल्या आणि त्यातली एक म्हातारी माझ्या शेजारी टेकली. कुठं निघालात, असं तिनं विचारलं. मी वत्सलाचं नाव घेतलं. "आमी बी तिकडंच," ती म्हणाली. जरा वेळानं माझ्याकडं निरखून बघत तिनं विचारलं, "लातूरच्या खोलीत तिच्यासंगं राहत होत्या, त्या तुमीच का?" मी मान हलवली. मग नांदेड येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता, त्या वेळची आमची ओळख. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत, कुठं शाळेच्या वर्गात, कुठं कुणाच्या गोदामात भरत होत्या. मी उदगीरच्या व्यापारी घरातली, घराबाहेर पहिल्यांदाच पडलेली, कचेरीत कारकून म्हणून लागले. वत्सला सरकारी दवाखान्यात नर्स. एका ओळखीच्या बाईंनी दोघींना मिळून एक खोली बघून दिली. ती सामान घेऊन आली तेव्हा तिच्याकडं एक पत्र्याची पेटी होती, एक वळकटी होती आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं, जे तिनं रिक्षावाल्याला हात लावू दिलं नाही. मला वाटलं तंबोरा असेल. चादर सोडली तर गिटार. गिटार मी तोवर फक्त सिनेमात पाहिली होती.

नर्सिंगच्या होस्टेलमध्ये अन्नम्मा नावाची केरळची मुलगी तिच्या खोलीत होती. तिनं वत्सलाला वाजवायला शिकवलं, आणि आखातात नोकरी लागली तेव्हा गिटार हिच्याकडं ठेवून गेली. वत्सलाच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक चपटं होतं, त्यावर नख नव्हतं. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात आईसंगं खडी फोडायला जायचे. हातोडा बसला. आईनं चिंधी बांधली अन् म्हणाली, आज हजेरी चुकवू नको, खायला सुकडी मिळणार हाय." त्या बोटानं तार दाबली की कळ यायची, म्हणून ती सगळा भार करंगळीवर घ्यायची. अन्नम्मा तिला म्हणाली होती म्हणे की तुझा हात गिटारीसाठी नाही. हे सांगताना वत्सला हसायची.

त्या खोलीत आम्ही फार दिवस राहिलो नाही. वत्सलानं कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली, आणि ती घरमालकीणबाईंच्या नजरेला पडली. दुसऱ्या दिवशी त्या मला एकटीला अंगणात बोलावून म्हणाल्या, "तू ऱ्हा बाई, तुझं काही न्हाई. तिला म्हणावं दुसरीकडं बघ." मी वर गेले तर वत्सला गिटार चादरीत गुंडाळत होती. तिला ऐकू गेलं होतं. किंवा ऐकू जायची गरजच नव्हती, हे तिच्यासाठी नवं नव्हतं. मीही माझी ट्रंक भरायला घेतली. थोर काही केलं असं नाही. अनोळखी गावात एकटीनं राहायची मला भीती वाटत होती. वत्सला एवढंच म्हणाली, "तुझ्या घरच्यांना कळलं तर?" मी म्हटलं, "कळू दे." त्यानंतर या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही.

दुसरी खोली मिळाली ती एका दालमिलच्या मागं. पत्र्याचं छत, आणि दिवसभर तुरीच्या डाळीची पिवळी भुकटी उडत असायची. भांड्यांवर, उशांवर, केसांत आणि गिटारीच्या तारांवर. ती भुकटी आणि घाम मिळून तारा लवकर काळ्या पडत, खरखरीत होत. नव्या तारा लातुरात मिळत नसत. नांदेडहून कुणी हैदराबादला जाणारं गाठावं लागे. त्यामुळं तारा बदलणं हा आमच्या खोलीतला सणच असायचा. चटई झटकून अंथरायची, गिटार आडवी ठेवायची, आणि वत्सला दवाखान्यात ड्रेसिंग करावं तशा शांतपणे कामाला लागायची.

तिच्या गिटारीची एक गंमत होती. एरवी तारा जिथं खाली अडकवतात त्या लाकडी पट्टीला, ब्रिजला, सहा पिना असतात. तार आत सोडायची आणि वरून पिन दाबून बसवायची. हिच्या ब्रिजला पिना नव्हत्याच. पट्टीच्या मागच्या अंगाला आरपार सहा भोकं होती. तार मागून ओवायची, पूर्ण लांबीची ओढून घ्यायची, आणि शेवटी तिच्या टोकाचा पितळेचा बारीक मणी भोकाशी येऊन अडकला की झालं. "सुईत दोरा ओवून गाठ मारतो, तसंच हाय बघ," वत्सला म्हणायची. मण्यानं लाकडावर ओरखडा पडू नये म्हणून ती ब्रिजच्या मागं माझा एक रुमाल अंथरायची. सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, हा तिचा नियम. एक सैल करायची, कापायची, मागून ढकलून बाहेर काढायची, तिथली धूळ पुसायची, नवी ओवायची, आणि मगच दुसरीला हात लावायचा. तारांच्या ओढीवर गिटारीची मान सरळ राहते, ती ओढ एकदम सुटली तर मान बिथरते. एकदा मधलीच तार तुटली आणि जवळ नवी नव्हती. पेटी-तबल्याच्या दुकानातून सतारीची तार आणली, तर तिला मणी नाही. भोकातून सरळ निसटून जाई. वत्सलानं तुटलेल्या तारेचा पीळ सुईनं उकलून मणी सोडवला, नव्या तारेत ओवला, पीळ घातला, आणि त्या तारेवर आम्ही अख्खा उन्हाळा काढला. टँकरच्या रांगेत घागर लावून परत आलो की ती वाजवायची. मला वाजवणं जमलं नाही. माझा कान मात्र बरा होता. तारा लावताना ती विचारायची, "शैला, जुळली का?" आणि मी हो म्हटलं की ती पुढच्या तारेकडं जायची.

मग लग्नं झाली, दोघींची. मी लातुरातच राहिले, तीही. सुजाता झाली. गिटार वाजत होती... आणि मग किल्लारीचा भूकंप झाला. त्या सकाळीच दवाखान्याच्या जीपमधून ती गेली. परत आली ती कित्येक आठवड्यांनी, तीही आतून कुठंतरी बंद होऊन. मी भेटायला गेले तर गिटार मांडीवर घेऊन ती तारा काढत होती. एक काढून दुसरी ओवत नव्हती. सगळ्या काढत होती. मी म्हटलं, "अगं, सगळ्या एकदम?" ती खाली मान घालून काढतच राहिली. सगळ्या काढून झाल्यावर म्हणाली, "ढिगाऱ्याखालून भांडं वाजवल्याचा आवाज येऊन राहिला होता, शैला. कुणीतरी आतून वाजवत होतं. लोकं दगडं उपसून राहिले, मी तिथंच बसून होते, सलाईन हातात धरून. आवाज बारीक होत गेला. अजून बारीक... आमी पोचलो तवा थांबला होता." गिटारीच्या पोकळ पोटावर तिनं हात ठेवला. "आता तार छेडली ना, की ती थांबतेय ते ऐकू येतं मला. वाजतेय ते न्हाई ऐकू येत. थांबतेय तेवढंच."

पंचवीस वर्षं ती गिटार तारांवाचून राहिली. बदली होऊन वत्सला नांदेडला गेली, तिचे यजमान वारले, सुजाताचं लग्न झालं, जावई नांदेडातलाच म्हणून ती त्यांच्याजवळ राहिली. मी जायची तेव्हा कपाटावर चादरीतली गिटार दिसायची. मी त्याबद्दल बोलत नसे. निवृत्तीनंतर एकदा तिचा फोन आला. "तारा मागवल्यात. ये." मी गेले. नव्या जगात तारा घरपोच येतात, पाकीट तिनं फोडलंही नव्हतं. इतकी वर्षं ओढ नसल्यानं मान जराशी मागं झुकली होती. तिनं तारा सैलसरच चढवल्या, पुढचे कित्येक दिवस थोड्या थोड्या ताणत नेल्या. पहिल्यांदा करंगळीनं तार दाबून तिनं ती छेडली, आणि मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती शांत होती. न राहवून मी विचारलं, "आता त्रास होत नाही?" तिनं कानामागं हात नेला. तेव्हा मला कळलं की गेल्या वर्षादोन वर्षांत मी तिच्याशी मोठ्यानं का बोलत होते. "कमी ऐकू येतंय आता," ती म्हणाली. "तार वाजलेली कळते. कवा थांबते ते कळत न्हाई." सुजाता कानाच्या मशीनचं म्हणत होती. वत्सलानं ते शेवटपर्यंत घेतलं नाही. का घेतलं नाही, ते फक्त मला माहीत होतं.

त्यानंतरची काही वर्षं ती रोज वाजवत होती. मी महिन्या-दोन महिन्यांतून जायची, तारा जुळवून द्यायची, कारण तिला आता ते नीट ऐकू येत नसे. मग आजार निघाला. औषधांनी तिची बोटं बधिर झाली, चिमटीत धरलेली गोळी खाली पडायची.

आमची शेवटची भेट तारा बदलण्यातच गेली. ती कॉटवर उशांना टेकून बसली होती, मी खाली चटईवर. चाळीस वर्षं नुसतं बघितलेलं काम मी पहिल्यांदा माझ्या हातानं करत होते. "मागून ओव. मागून," ती सांगत होती. तार भोकातून बाहेर येताना मधेच अडली. "जोर लावू नको. जरा फिरव." फिरवली, आली. मणी येऊन भोकाशी टेकला तेव्हा बारीकसा टक आवाज झाला. तो तिला ऐकू गेला नसणार, पण माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं आणि ती म्हणाली, "हां. बसला." वरच्या, तार ताणायच्या चावीपाशी तारेला किती ढील ठेवायची तेही तिनं बोटानं मापून दाखवलं. सहावी तार चढली तोवर ती दमून गेली होती. मी गिटार तिच्या मांडीवर दिली. तिनं ती वाजवायचा प्रयत्न केला नाही. नुसता हात फिरवला, वरपासून ब्रिजपर्यंत, आणि मागच्या बाजूनं भोकं चाचपून बघितली, एकेक.

मी निघाले तेव्हा म्हणाली, "घेऊन जा ही." मी नको म्हटलं. ती म्हणाली, "देत न्हाई तुला. नव्या तारा हायत, रोज उतरत राहतील. इथं सुजीला जुळवता येत न्हाई, मला ऐकू येत न्हाई. तू रोज ताणत जा. बसल्या की आणून दे." चादरीत गुंडाळून मी ती घेऊन आले. लातूरच्या एसटीत मांडीवर आडवी धरून.

रोज सकाळी जुळवत होते. रोज तारा थोड्या उतरलेल्या असायच्या. तिच्या घरी फोन केला की सुजाता आईच्या कानाशी तो धरायची आणि वत्सला विचारायची, "बसल्या का?" मी ओरडून सांगायची, "अजून नाही." त्यातच सुजाताचा तो फोन आला.

नांदेडहून परत आले तेव्हाही तारा उतरलेल्याच होत्या. मी जुळवल्या. दुसऱ्या दिवशी परत उतरल्या, परत जुळवल्या. या कामानं मला सकाळी उठायला बरं पडत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. गेल्या आठवड्यात एका सकाळी चटई टाकली, गिटार घेतली, एकेक तार दाबून शेजारच्या तारेशी ताडून पाहिली. पहिली बरोबर होती. दुसरीही... सगळ्याच. चावीवर ठेवलेला हात मी काढून घेतला. सुजाता म्हणते, मावशी, तुमच्याकडंच राहू द्या. मी गिटार चादरीत गुंडाळून दाराजवळ ठेवली आहे, उद्या नांदेडला जायचं असावं तशी.