सिंधूने मोजलेलं ऊन

सिंधू गेल्याची खबर मागच्या वस्तीतल्या बिसाहीनने आणली. सकाळी मी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत दात घासत उभी होते. खाली बिसाहीन आली, कोपरापर्यंत हात वाटलेल्या उडदाच्या पिठीने भरलेले, आणि वर बघून म्हणाली, "दीदी उठत नइ हे." मी चूळ भरली, चपला घातल्या आणि गेले. सिंधू आपल्या खाटेवर कुशीवर झोपली होती, रोज झोपायची तशीच... फक्त उठली नव्हती. त्याला आता सहा आठवडे झाले. मी चौथी शिकलेली बाई, पेपरात लिहायची मला सवय नाही. पण पुरवणीत मोठ्या लोकांवरच लिहून येतं आणि सिंधू काही मोठी नव्हती. तिच्यावर कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहिते.

ती फार गोड बाई होती, असं तेरवीला चौघीजणी म्हणाल्या. गोड नव्हती. वर्धेकडची, तोंडाची फटकळ, चहात साखर कमी पडली तर परक्या घरीही सांगणारी. आमचे दोघींचे नवरे रायपूरला रेल्वेत. रिटायर होण्याआधी दोघांनीही एकाच सोसायटीत प्लॉट घेतले. तिचं घर झालं, आमचं दोन खोल्यांच्या वर सरकलं नाही. घरांच्या मागे सोसायटीचं मोठं मैदान होतं. मैदानाच्या पलीकडे छत्तीसगढी लोकांचा पारा, म्हणजे जुनी वस्ती, आमच्या कितीतरी आधीपासूनची. बिसाहीन तिथली. उन्हाळ्यात आम्ही मराठी बायका त्या मैदानावर कुरडया, पापड, सरगुंडे वाळवायचो. सिंधू आपलं जुनं नऊवारी लुगडं अंथरायची आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायची. दगडही ठरलेले. दुसरीने उचलले तर भांडायची.

मग छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. बाहेरून साहेब लोक आले आणि भाडी वाढली. माझ्या पोराला दोन लेकरं झालेली, आम्ही सहा माणसं दोन खोल्यांत. नातू स्वयंपाकाच्या ओट्याखाली बसून अभ्यास करायचा. अशात सोसायटीने ठरवलं की अर्ध्या मैदानावर चार मजल्यांची इमारत बांधायची आणि घरं सभासदांच्या मुलांना आधी द्यायची. मला तर देव पावल्यासारखं झालं. पण मीटिंगमध्ये बायका उभ्या राहिल्या आणि सर्वांत पुढे सिंधू. म्हणाली, "इमारत आली की सावली आली. आम्ही वाळवण का तुमच्या डोक्यावर घालावं?" सेक्रेटरीला टक्कल होतं. सगळे हसले, मी हसले नाही. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "तुले कुरडया मोठ्या झाल्या. माह्या पोराने काय झाडावर राहावं?" चार दिवस आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ती दारात. हातात पिशवी, पिशवीत ते लुगडं, पाण्याची बाटली, सुई आणि लाल दोरा. "चाल, समता कॉलोनीत जाऊन येऊ." तिकडे तेवढ्याच उंचीची इमारत झाली होती, मागे उत्तरेला मोकळी जागा असलेली. ऐन वैशाख होता. आम्ही रिक्षाने गेलो. सिंधूने भिंतीला टेकवून लुगडं सरळ बाहेर पसरलं. पिशवीतून आपले दगड काढले, तर तीनच. "चौथा राहिला," म्हणाली. "तू बस त्या कोपऱ्यावर. तुह्यं वजन कधी कामी येईन?" मी बसले. दर तासाला ती सावलीच्या कडेवर लुगड्याला लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. वॉचमन आला, "अम्मा, क्या कर रहे हो?" सिंधू म्हणाली, "धूप नाप रहे हैं, भैया. तुम भी नाप लो, आगे महँगी होगी." त्याने आम्हाला वेडं समजून आपला स्टूल आणून दिला. आम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. सगळे टाके लुगड्याच्या एकाच टोकाला गोळा झाले. दिवसभरात सावली भिंतीपासून चार हातांच्या पुढे आली नाही. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "घे तुह्यं घर. ऊन जात नाही." दुसऱ्या मीटिंगला तिने ते लुगडं सगळ्यांपुढे पसरलं, बायका मानल्या आणि इमारत मैदानाच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागावर झाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. नातवाला टेबल मिळालं. हे सगळं सिंधूने माझ्यासाठी केलं. तेव्हा मी तिचे नीट आभारही मानले नाहीत.

पहिला हिवाळा आला, सूर्य दक्षिणेकडे खाली कलला. सकाळी नऊ वाजता मी बाल्कनीतून बघितलं, तर आमच्या इमारतीची सावली पूर्ण मैदानभर आणि तिच्या टोकाला पाऱ्यातल्या बायका टोपल्या घेऊन नुसत्या उभ्या. त्यांच्याकडे रखिया बडी थंडीत घालतात. कोहळ्याचा कीस आणि फेसलेली उडदाची डाळ, आपल्या सांडग्यांसारखी. बिसाहीन ती दुकानांना द्यायची, तिची चार महिन्यांची चूल त्यावर. त्यांनी सावलीत तशीच घालून बघितली. दुपारीही ऊन आलं नाही. तिसऱ्या दिवशी बडीला तार सुटली, आंबूस वास आला, सगळी गाईपुढे टाकली. बिसाहीन सिंधूच्या दारात आली. भांडायला नाही. नुसती म्हणाली, "दीदी, हमन ला त कोनो नइ पूछिस." आम्हाला तर कोणी विचारलंच नाही...

सिंधू लुगडं घेऊन मैदानात गेली, आमच्या इमारतीच्या भिंतीपासून पसरलं. अख्खं लुगडं सावलीत, आणि त्याच्या पुढे आणखी तेवढीच सावली. मग मला म्हणाली, "आपण उन्हाळ्याचं ऊन मोजलं, शांते. हिवाळ्याचं कोणाचं हाय, ते इचारलंच नाही." इतकी वर्षं त्या बायका थंडीत तिथे बडी घालत होत्या. आम्ही रोज बघत होतो. बघूनही आमच्या डोक्यात आलं नाही, कारण आमचं वाळवण चैत्र-वैशाखात असतं.

तिने रडारड केली नाही. भनपुरीच्या कारखान्यातून लोखंडी जिना बनवून आणला आणि घराच्या बाहेरून गच्चीला लावला, म्हणजे कोणाला तिच्या स्वयंपाकघरातून जावं लागू नये. तिचा मुलगा प्रशांत नव्या रायपूरच्या ऑफिसात कामाला आहे, राहतोही तिकडेच, आपण मराठीत बोललो तरी तो हिंदीत उत्तर देतो. तो चिडला. "माँ, घर को धरमशाला बना दिया." ती म्हणाली, "धर्मशाळेत लोक फुकट राह्यतात. ह्या बडी देऊन जातात." तेव्हापासून दर हिवाळ्यात तिच्या गच्चीवर बडी पडायची, कडेला ती स्वतः खुर्ची टाकून बसलेली. कावळे हाकलायची आणि बिसाहीनला शिकवायची की डाळ अजून फेसायला पाहिजे. बिसाहीन "हव दीदी" म्हणायची आणि आपल्याला पाहिजे तेवढीच फेसायची.

एक गोष्ट मला लिहायलाच पाहिजे. आमच्या इमारतीलाही गच्ची आहे, सिंधूच्या गच्चीच्या तिप्पट, दिवसभर उन्हात. पहिल्याच वर्षी नियम झाला, बाहेरच्यांना वर सोडायचं नाही. त्या मीटिंगला मी होते. घर नवीन होतं, पोराचं नाव खराब व्हायला नको म्हणून चूप बसले. सिंधूला ते ठाऊक होतं. तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही... तिच्यासारख्या तोंडाळ बाईने. तेच मला जास्त लागतं.

तेरवीनंतर प्रशांतने जिन्याला कुलूप लावलं. घर विकणार आहे. त्याचं चूक नाही, त्याला दोन मुलं आहेत, ऑफिस दूर आहे, आणि जो घेईल तोही कोणासाठी तरी घरंच बांधेल. मी त्याला फक्त लुगडं मागितलं, त्याच्या पिशवीसकट. "ले जाओ मौसी, पुराना है." मग मी आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीकडे गच्ची मागायला गेले. तो म्हणाला, "आंटी, नियम है." मी म्हटलं, "नियम लावला तेव्हा मी चूप बसली होती. आता नाही बसत. तुह्या आईले इचार, ऊन कोणाचं हाय?" तो वहीत काहीतरी लिहू लागला. गच्चीची किल्ली टेबलावर होती, ती मी उचलली.

सोमवारी बिसाहीनला घेऊन चार मजले चढले. दोनदा बसावं लागलं. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या मागे स्वच्छ ऊन होतं. खाली मैदानावर आमच्याच इमारतीची सावली पडलेली. बिसाहीनने पिठी खाली ठेवली, मी लुगडं पसरलं. पिशवीत सिंधूचे दगड शोधले, तर तीनच. चौथा तिच्या गच्चीवर राहिला असेल, कुलुपाच्या आत. वारा होता, कोपरा उडत होता. लाल टाके त्याच टोकाला होते.

मी त्या कोपऱ्यावर बसले. बिसाहीन बडी घालू लागली.