लिंबोणीवरचा कोळी

भर उन्हात दस्तगीर मुलाणी छत्री उघडायचा आणि उलटी धरायचा. झुडपाखाली ती धरून वरच्या फांदीवर काठी मारली, की पाने, किडे आणि त्याला हवे असलेले उड्या मारणारे कोळी छत्रीत पडत. कोरेगावच्या रस्त्याने जाणारे विचारत, "आवं सर, पाऊस खालनं येतोय व्हय?"

"येतोय की. आठ डोळ्यांचा हाय," हा विट्याचा गडी म्हणायचा.

आम्ही एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. कोळ्यांचे पाय, डोळ्यांमधले अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे काम माझे. माझे आकडे कधी चुकले नाहीत. पण नव्या प्रजाती सापडायच्या त्याला. प्रजातीच्या नावापुढे शोधणारा म्हणून त्याचे आडनाव छापले जाई. माझे लेखाच्या शेवटी, आभारात. मी पेढे घेऊन जायचो. मला स्वतःला त्यातला एकही खाववत नसे.

एकदा आमच्या अंगणातल्या लिंबोणीवर मला करडा कोळी सापडला. पुन्हा पुन्हा मोजला, कशाशीच जुळेना. नवीच प्रजाती, असे मी घरात जाहीर केले. दस्तगीरने भिंगातून पाहिले.

"गड्या, आकडे बरोबर हायती. पर ही मादी हाय. मागं तू त्यो काळा-पांढरा नर मोजलावतास न्हवं? त्याची बायको."

या कोळ्यांत नर-मादी अगदी वेगळे दिसतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होतो.

चहा घेऊन आलेल्या माझ्या बायकोला तो म्हणाला, "वहिनी, ह्यांना बाईमाणूस वळखंना." ती पोट धरून हसली. मग त्याने लिंबोणीखाली छत्री धरली आणि तिच्यात खरोखरच नव्या प्रजातीचा नर पडला. झाड माझे, अंगण माझे, आडनाव त्याचे.

गेल्या वर्षी दस्तगीर हृदयविकाराने गेला. मी रडलो, ते खोटे नव्हते.

यंदा साताऱ्याजवळच्या डोंगरावर मला एक नर सापडला. मादीही सापडली. दोन्ही नीट तपासली. प्रजाती नवी आहे, आणि शोधणारा मी एकटा. शोधणाऱ्याने प्रजातीला स्वतःचे नाव द्यायचे नाही, असा आमच्यातला शिरस्ता आहे.

"मग कुणाचं देणार?" बायकोने विचारले.

"दुसरं कुणाचं देणार?"

लिहायची रीतही ठरलेली आहे. आधी प्रजातीचे नाव, मग शोधणाऱ्याचे आडनाव. म्हणजे जगात जिथे कुठे माझे आडनाव छापले जाईल, तिथे आधी दस्तगीर असेल.