पहिला आलेला फायरमन

अमेरिकेतल्या एका शहराच्या अग्निशामक दलाचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो. कंत्राटी नोकरी, तीही व्हिसावर. बढतीच्या परीक्षेचे मार्क माझ्यादेखत सिस्टिममध्ये भरले गेले होते. पुढच्या आठवड्यात एका स्टेशनवर प्रिंटर दुरुस्त करायला गेलो आणि माझ्यातला मराठी बाप गप्प बसेना. पहिला नंबर दिसला की आम्हाला राहवत नाही. तिथल्या कृष्णवर्णीय फायरमनच्या छातीवर सर्वाधिक मार्कांचं ते नाव दिसलं आणि त्याचा हात धरून मी म्हणालो, "अभिनंदन! पहिले आलात!"

तो हसला नाही. "बढतीच्या यादीत मी नववा आहे," म्हणाला.

ऑफिसात येऊन नोंदी उघडल्या. तोंडी परीक्षेचे त्याचे मार्क, भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एका साहेबाच्या लॉगिनवरून कमी केलेले होते.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्याचे वडीलही याच दलात होते. त्यांच्या वेळी स्टेशनात काळ्यांचा कप वेगळा, पलंग वेगळा. ते बंद करण्यात वडिलांचं अर्धं आयुष्य कोर्टात गेलं. आता त्यानं स्वतः मार्कांबद्दल तक्रार केली होती. "जे पाहिलंत ते वकिलाला लिहून द्याल?" त्यानं विचारलं.

बायको भडकलीच. "अरे यार, जॉब गेला तर साठ दिवसांत पॅक अप करून भारतात परतावं लागेल. मुलीचं सीनियर इयर आहे, शाळेचं शेवटचं वर्ष. तुला कशाला हवंय हे?"

तिचं चुकत नव्हतं. मी घाबरट माणूस आहे, साध्या ईमेललाही घाबरतो. त्याला नकार द्यायला स्टेशनवर गेलो. तो मास्क तपासत होता.

"धुरात काही दिसत नाही," तो म्हणाला. "मागच्याचा हात खांद्यावर असतो, त्या भरवशावर पुढे जायचं. तक्रार केल्यापासून तो हात आहे ना, हे मी दर दोन पावलांना चाचपतो."

स्वतःचीच लाज वाटली. वकिलाकडे जाऊन सगळं लिहून दिलं. सही करण्याआधी सगळं तीनदा वाचलं.

सोमवारी ऑफिसच्या दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुसून पुन्हा लावलं, पुन्हा लाल. काचेपलीकडून रोज गुड मॉर्निंग म्हणणारा गार्ड खाली बघत राहिला. पार्किंगमध्ये येऊन बायकोला फोन लावला. ती "हॅलो" म्हणाली आणि मी म्हणालो, "साठ दिवस आजपासून मोज."